मुदतीआधी मागितलेला अंक

१

एक होतं गाव, धोंडेवाडी. कर्जतच्या अलीकडं, माळावर. नगर म्हणावं एवढं मोठं नाही, वस्ती म्हणावी एवढं धाकटं नाही. तिथं राहायची केशरबाई, तिचा लेक कल्याण आणि सून पंकजा. केशरबाई म्हशी बघायची, कल्याण दुधाचा टेम्पो चालवायचा, आणि पंकजा गावाचं वाचनालय सांभाळायची. भाकरीला कमी नव्हतं, बोलाचालीला कमी नव्हतं. कमी होती ती फक्त पाळण्याची.

तसं एकदा सुख दारापर्यंत आलं होतं. पण सातव्या महिन्यातच ते मागं फिरलं. एवढंसं ते, केशरबाईनं आपल्या हिरव्या लुगड्याचा तुकडा फाडून त्यात गुंडाळलं, कल्याणच्या हातात दिलं, आणि त्या दिवसापासून ती हसायची थांबली. आता पंकजाला पुन्हा दिवस गेले होते. दिवाळी सरली की बाळ यायचं. त्यामुळं घरातली माणसं कशी, तर दूध उतू जाऊ नये म्हणून चुलीपाशी डोळे लावून बसावं, तशी.

"पंकजे, वाकू नको."

"वाकत न्हाई आत्याबाई, चप्पल घालतीय."

"कल्याण घालील."

"आये, मी टेम्पो काढू का हिच्या चपला घालू?" कल्याण दारातून ओरडायचा.

"दोन्ही कर. हात दोन दिलेत ना देवानं?"

असं रोज. मग पंकजा हसत हसत वाचनालयात जायची.

वाचनालय म्हणजे काय, तर जुन्या दूध डेअरीची खोली. रस्त्याच्या बाजूला रुंद खिडकी, तिला खाली दगडी कट्टा. पूर्वी बाया त्या खिडकीतून किटल्या आत द्यायच्या. फरशीला एका कोपऱ्याकडं उतार, पाणी वाहून जावं म्हणून. किती वर्षं धुतली, तरी उन्हं तापली की आंबूस वास यायचाच. त्या वासात पुस्तकांची कपाटं, एक बाक, एक टेबल आणि टेबलाशी पंकजा. तिला ती खोली माहेरासारखी वाटायची.

त्या वर्षी तर तिच्या उत्साहाला उधाण आलं होतं. दिवाळीच्या तोंडावर जिल्ह्याहून साहेब तपासणीला येणार होते. सगळं नीट असलं तर वाचनालयाला वरचा वर्ग मिळणार होता. सगळं होतं, पण मासिकांत खिंडारं होती.

२

आता हे मासिकांचं काम कसं असतं, ते आधी ऐका. मासिक पोस्टानं येतं. आलं की कार्डावर खूण करायची, अंकावर शिक्का मारायचा, आणि मग तो बाकावर ठेवायचा. नाही आलं तर छापणाऱ्याला कळवायचं, की बाबा, अमक्या महिन्याचा अंक पोचला नाही, पाठवून दे. याला मागणी करणं म्हणतात. पण मागणीला वेळ असते.

ही वेळ पंकजाला शिकवली आबासाहेबांनी. तिच्या आधी तेच वाचनालय बघायचे. आता नजर अधू झाली होती, वाचता यायचं नाही, तरी रोज सकाळी काठी टेकत येऊन बाकावर बसायचे. नुसता कागदाचा वास घ्यायचे.

"अंक आला न्हाई म्हणून लगेच बोंबलायचं न्हाई, पोरी," ते सांगायचे. "छापायला उशीर हुतो, पोस्टाला उशीर हुतो. पुढच्या महिन्याचा अंक हातात पडला आन् मागचा तरी न्हाई, मग समजायचं, हरवला. मग मागायचा. त्याच्या आधी मागितला तर ती माणसं काय करतील सांगू? गडबडीत कच्चा-पक्का, असंल तसा पाठवून देतील. तो परवडत न्हाई."

तर झालं असं, की 'घरशिवार' मासिकाचा श्रावणाचा अंक आला नाही आणि भाद्रपदाचा आला. म्हणजे मागणी करायला मोकळीक. पंकजानं अंकाच्या आतल्या पानावरचा नंबर बघून फोन लावला.

पलीकडं फोन उचलला गेला. मागं मशीन चालल्यासारखा आवाज. खट... खट... खट. आणि बाईचा गोड, संथ आवाज.

"बोला."

"आमचा श्रावणाचा अंक आला न्हाई."

"पाठवते."

बास. फोन बंद. पंकजा खूश झाली. एरवी पुण्या-मुंबईचे लोक किती फिरवतात, इकडं फोन करा, तिकडं करा. ही बाई शहाणी दिसते. मग पाणी पिता पिता तिच्या ध्यानात आलं, की तिनं गावाचं नाव विचारलंच नाही. वाचनालयाचं नाही, तिचं नाही.

असेल, नंबर टिपून घेतला असेल. हल्ली मोबाईलमध्ये सगळं दिसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीच्या कट्ट्यावर अंक होता. श्रावणाचाच. वरचं वेष्टन दमट, दांडीवरून अर्धवट सुकलेलं धुणं काढावं, तसं. त्यावर तिकीट नाही, पोस्टाचा शिक्का नाही. थोड्या वेळानं पोस्टमन वैजनाथ सायकल टेकवून आला.

"वैजनाथ भाऊ, आज लवकर टाकला व्हय अंक?"

"म्या? म्या आत्ता येतोय वहिनी. पिशवी अजून उघडली न्हाई. ही बघा गाठ."

"मग कुणी टाकला?"

"आलं ना? मग घ्या की. न आल्याची तक्रार करतात लोक, आल्याची तुमीच पहिल्या."

पंकजाला हसू आलं. तिनं शिक्का मारला. कागद एवढा मऊ होता की शिक्का आत रुतला.

३

मग काय, तिच्या अंगात वारंच शिरलं! मागल्या वर्षांतली सगळी खिंडारं तिनं कपाटातून शोधून काढली. फोन लावला. पहिली घंटा पुरती वाजायच्या आत बाईनं उचलला.

"मागच्या वर्षीचा आषाढाचा पण न्हाई आमच्याकडं."

"पाठवते."

"एवढा जुना मिळंल?"

"इथं सगळं असतं. न पोचलेलं सगळं इथंच असतं."

आणि खरंच येऊ लागले! आज फोन, उद्या अंक. मग सकाळी फोन, दुपारी अंक. कट्ट्यावर ठेवलेला, दमट, कोवळा. गावात बोभाटा झाला. साळूबाई नावाची शेजारीण होती, तिची एक क्रमशः गोष्ट शेवटच्या भागावर अडकून राहिली होती. तो अंक हरवलेला. गोष्टीतली सून सासरी परत गेली का नाही, या काळजीनं साळूबाईनं दोन आखाड काढले होते. तो अंक हातात पडला आणि ती भर रस्त्यात उभी राहून वाचायला लागली.

"गेली गं गेली! परत गेली! म्या म्हणत हुते ना, ती जाणार!"

"काकू, बाजूला व्हा, टेम्पो येतोय," कल्याण हॉर्न वाजवत होता.

"थांब रं मेल्या, पान उलटू दे!"

सगळा रस्ता हसला. पंकजाचा ऊर भरून आला. कपाटात रांगा पुऱ्या होत होत्या, साहेब आले तर बघत राहतील अशा. तिच्या पोटात बाळानं लाथ मारली, जणू तेही टाळ्या पिटतंय.

शेवटचं खिंडार राहिलं, त्या दिवशी तिनं फोन लावला, मागणी सांगितली, आणि बाई "पाठवते" म्हणायच्या आधीच तिच्या पाठीमागं थप्प झालं. वळून बघते तर कट्ट्यावर अंक. रस्ता मोकळा. दुपारचं ऊन, एक कुत्रं, बाकी कुणी नाही.

अंगावर काटा आला खरा. पण आनंदाचाही काटा येतोच की. तिनं मनाला समजावलं, कुणीतरी कर्जतहून आणत असेल, मोटारसायकलवर टाकून पुढं जात असेल. पण मोटारसायकलचा आवाज? तो पंख्याच्या आवाजात कळला नसेल.

"अजून काय यायचं राहिलंय?" फोनमधून बाईनं विचारलं. फोन कानाशीच होता.

"आता काय राहिलंय बाई!" पंकजा हसली. भरल्या मनानं माणूस बोलून जातं. "आता घरचंच एक यायचं राहिलंय. दिवाळीनंतर येईल."

मागची खट-खट थांबली.

"मागणी तुमचीच ना?"

"माझीच की! दुसऱ्या कुणाची असणार?"

"लिहून घेते," बाई म्हणाली. आणि मशीन पुन्हा सुरू झालं. खट... खट... खट.

पंकजाला वाटलं, किती मायाळू बाई.

४

दिवाळी अंकांचं गावाला वेड. नवा अंक आला की पंकजा त्याला हळदकुंकू लावायची, मग लोक नंबर लावायचे. 'घरशिवार'चा दिवाळी अंक तर बायांच्या उड्या पडणारा. त्यात रांगोळ्या, फराळ, कोडी. साळूबाईनं नवरात्रातच विचारायला सुरुवात केली.

"आला का गं?"

"अजून येळ हाय काकू."

"मग माग की! तुझ्या त्या बाईला सांग. हातोहात देती ती."

"मुदत न्हाई झाली," आबासाहेब बाकावरून म्हणाले. "निघालेलाच नसंल अजून."

"आबा, तुमी वास घ्या, आमी वाचतो," साळूबाई म्हणाली, आणि पंकजानं हसत हसत फोन लावला. एवढीच तिची चूक. आपल्याच गावात सगळ्यात आधी अंक यावा, एवढीच हौस.

"दिवाळी अंक आला न्हाई आमचा."

यावेळी बाई जरा थांबली. मग म्हणाली, "पाठवते."

दुसऱ्या दिवशी आला. वेष्टन नुसतं दमट नव्हतं, ओलं होतं. पंकजानं सोडवलं आणि तिचे हात तसेच राहिले.

मुखपृष्ठावर दिवा घेतलेली बाई होती. पण तिचं तोंड अजून झालं नव्हतं. डोळ्यांच्या जागी नुसती ताणलेली कातडी, आणि खाली काहीतरी दाबल्यासारखं फुगलेलं. आत पानं एकमेकांना चिकटलेली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, उजेडात धरली तर आत निळ्या-लाल रेषा. मजकूर म्हणावा तर वर नुसत्या आडव्या रेघा आणि खाली कुठं काना, कुठं वेलांटी. अक्षरं रेघेखाली उतरायचीच राहिली होती.

कच्ची प्रत असेल, ती स्वतःशी म्हणाली. शाई बिघडली असेल. चुकून पाठवली असेल.

तिनं अंक टेबलावर ठेवला. मधली पानं हळूच वर आली. खाली बसली. पुन्हा वर आली. पंख्याचा वारा, म्हणून तिनं वर बघितलं. वीज गेलेली होती. पंखा थांबलेला होता.

"आबा," ती म्हणाली, "जरा हात लावून बघता?"

आबासाहेबांनी चाचपलं, आणि निखाऱ्यावर पडल्यासारखा हात मागं घेतला. "ऊन लागतंय गं हे. कागद न्हाई हा."

तेवढ्यात केशरबाई डबा घेऊन आली. उंबऱ्यातच थबकली. नाकपुड्या फुलल्या तिच्या. डबा खाली ठेवून ती टेबलापाशी आली, वाकली, वास घेतला, आणि तिच्या तोंडावरचा रंग उतरला.

"पंकजे, हा वास मला ठाव हाय," ती हळू म्हणाली. "त्या येळंला घरात हाच हुता. सातव्या महिन्यात."

टेबलावरचं ते वर-खाली होत होतं, आणि मधलं अंतर वाढत होतं. मग ते वर आलंच नाही. केशरबाईनं पदर तोंडात कोंबला.

"निघायच्या आदी वढून काढलंय ह्याला. कुणी मागितलं?"

"म्या."

"आणखी काय मागितलंस?"

काही नाही, असं म्हणायला पंकजानं तोंड उघडलं. आणि तिला ते फोनवरचं आठवलं. घरचंच एक यायचं राहिलंय. मागणी माझीच की. लिहून घेते.

त्याच घटकेला तिच्या कमरेतून कळ निघाली आणि ओटीपोटात येऊन फिरली.

५

तिनं फोन लावला. घंटा वाजलीच नाही. पलीकडं आधीच कुणी होतं.

"निघालंय," बाई म्हणाली.

"मला नको! म्या आपलं बोलण्यात बोलले. मागणी न्हवती ती!"

"मागणी तुमचीच आहे. उद्या दुपारपर्यंत पोचेल."

खट... खट... खट. बंद.

मग तिनं कर्जतच्या स्टँडवर पेपरचा स्टॉल चालवणाऱ्या भागवतला फोन केला. त्याला म्हणाली, 'घरशिवार'चा पत्ता दे, माणूस पाठवून मागणी मोडते.

"कुठलं घरशिवार, ताई? ते गेल्या पाडव्याला बंद पडलं की. मालक वारले, मशीन भंगारात गेलं."

"आरं पण भाद्रपदाचा अंक आलाय आमच्याकडं! पोस्टानं!"

"कुणी आणून दिला?"

पंकजा आठवू लागली. वैजनाथनं दिला... का कट्ट्यावर होता? कट्ट्यावरच होता. श्रावणाच्या आधीपासून कट्ट्यावर ठेवणारं कुणीतरी होतं, आणि तिनं कधी मान वर करून बघितलं नव्हतं.

कल्याण टेम्पो घेऊन धावत आला. तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाचे ठोके चांगले आहेत, कळा खोट्या आहेत, पण दिवस भरलेले नाहीत, जपा. इथंच ठेवते म्हणाल्या, तर पंकजा ऐकेना.

"उद्या दुपारी मला खिडकीत असाया पायजे," ती म्हणाली.

"तुला याड लागलंय का? अगं, मासिकापायी?" कल्याण म्हणाला.

"अहो, म्या तिथं नसले तर ते जिथं असंल तिथं येईल. घरी येईल, दवाखान्यात येईल. आन् कुणीतरी न कळता हात पुढं करील."

कल्याणला काही समजलं नाही. पण तिच्या तोंडाकडं बघून त्यानं गाडी वळवली. दोघं सरळ आबासाहेबांच्या घरी गेले.

"आबा, केलेली मागणी मोडायची कशी?"

म्हातारा काठीच्या मुठीवर बोटं फिरवत राहिला.

"बोलून मोडत न्हाई," तो म्हणाला. "आपून फोन करावा, कागद लिवावा, त्यांचा माल तवर निघालेला असतो. म्या एकच करायचो. माल दारात येऊ द्यायचा, आन् हातात घ्यायचा न्हाई. हातात घेतला की आपला झाला, मग फाटका असो, कोरा असो. तोंडावर सांगायचं, मुदत झालेली न्हाई, मागणी चुकीनं झाली, परत न्या. आन् काय बी दाखवू देत, वेष्टन सोडायचं न्हाई. बघितलं की मन हुतं."

"लई मन हुतं, आबा?"

"अंकापायी माझं व्हायचं. तुझं तर..."

६

दुसऱ्या दिवशी ऊन असं पडलं होतं की रस्त्यावर डोळा ठरेना. कल्याणला पंकजानं दाराबाहेर बसवलं, कुणालाही आत सोडू नका म्हणाली. आत ती आणि केशरबाई. केशरबाई मागं हटायला तयार नव्हती. "माझ्या डोळ्यांदेखत एक गेलं. दुसरं जाऊ देणार न्हाई," एवढंच म्हणाली.

पंकजा खिडकीसमोर खुर्ची टाकून बसली. कळा येत होत्या आणि दर वेळी जरा जवळ येत होत्या.

आधी वास आला. डेअरीचा आंबूस वास नाही, त्याच्या खालून येणारा दुसरा. मग पायाखालची फरशी थरथरायला लागली. खट. खट. खट. भंगारात गेलेलं मशीन फरशीच्या पोटात चालत होतं. उताराच्या कोपऱ्यातून ओल वर येऊ लागली, उलटी, चढणीला.

"आत्याबाई, पाय वर घ्या."

"तू तुझं बघ."

आणि खिडकीबाहेर कुणीतरी उभं राहिलं. उन्हाची तिरीप मागून होती, तोंड दिसेना. दिसला तो हात. कोपरापर्यंत काळा, शाईत बुडवून काढल्यासारखा, आणि त्याच्यावर एक बोचकं. कागदी वेष्टन, वर पत्त्याची पट्टी. पट्टीवर ठळक लिहिलेलं, पंकजा कल्याण.

वेष्टन वर आलं. खाली बसलं.

"अंक आलाय," तोच गोड आवाज.

पंकजाचे हात आपोआप उठायला लागले. बाई, काय सांगू, आईचे हात ते! आत काहीतरी चोखत होतं. मूठ चोखतं ना पोर, तसा आवाज. तिनं हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

"मुदत झालेली न्हाई," ती म्हणाली. "मागणी चुकीनं झाली. परत न्या."

"मागणी तुमचीच आहे."

"माझी हाय, पण चुकीनं झाली. मुदत झालेली न्हाई. परत न्या."

खट-खट वाढली. कपाटांच्या काचा वाजू लागल्या. रांगेत लावलेले ते सगळे दमट अंक एकाच वेळी श्वास घेऊ लागले. सगळं कपाट वर-खाली. वर-खाली.

मग काळा हात मागं गेला. पंकजाला वाटलं, सुटले. पण तो परत आला. यावेळी त्याच्यावरचं बोचकं धाकटं होतं, आणि त्याला कागद नव्हता. त्याला कापड होतं. हिरवं. लुगड्याचं.

"जुनं राहिलेलं पण आणलंय," आवाज म्हणाला. "न पोचलेलं सगळं इथंच असतं."

केशरबाई उठली. तिच्या घशातून असा काही आवाज निघाला की दाराबाहेरचा कल्याण ओरडला, "आये? आये, काय झालं?" म्हातारी कुणाचं ऐकत नव्हती. दोन्ही हात पसरून ती खिडकीकडं निघाली. तोंडावर हसू होतं. इतक्या दिवसांनी, हसू!

"माजं हाय ते... म्या गुंडाळलंय ते... म्या..."

"आत्याबाई!" पंकजा उठली. अवघडलेली बाई, पण उठली, आणि सासूच्या कमरेला पाठीमागून मिठी घातली. "हात मागं घ्या! आत्याबाई, ते आपलं गेलं! घेतलंत तर हे बी त्याच्यावानीच येईल!"

"सोड! रडतंय ते!"

"रडू द्या!" आणि हे म्हणताना पंकजाच रडत होती. "माझं बी हुतं ते! माझ्या पोटचं हुतं! म्या न्हाई घेत, तुमी कशा घेता?"

केशरबाईची बोटं हिरव्या कापडापासून तिळभर दूर थांबली. कापडाचं टोक जरासं सरकलं. आत काय होतं ते केशरबाईनं बघितलं असेल. पंकजानं नाही बघितलं. तिला फक्त एवढं दिसलं, की सासूच्या तोंडावरचं हसू कडेकडेनं विझत गेलं, आणि हात हळूहळू, अगदी हळूहळू खाली आले.

मग केशरबाईच बोलली. आवाज खरखरीत, पण ठाम.

"मुदत न्हाई झाली. परत न्या. दोन्ही न्या."

"मुदत झाल्यावर?" आवाजानं विचारलं.

"मुदतीला ते त्याच्या पायानं येईल," पंकजा म्हणाली. "तुमी आणायचं न्हाई."

तिनं झडप ओढली. कवाड लागता लागता फटीत क्षणभर तोंड आलं. दिवा घेतलेल्या त्या बाईचं. डोळ्यांवरची कातडी मधोमध फाटत होती, आणि खालून काहीतरी उघडत होतं.

कवाड लागलं. खट-खट थांबली. कल्याण दार ढकलून आत आला तेव्हा दोघी फरशीवर एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या होत्या, आणि ओल उतारानं खाली, जिकडून आली तिकडं, परत चालली होती.

"कोण हुतं खिडकीत?" पंकजानं त्याला विचारलं.

"कोण असणार? म्या समोरच बसलोय की. रस्त्यानं कोण गेलं न्हाई, कोण आलं न्हाई." मग तो डोळे चोळत म्हणाला, "फक्त ऊन जरा काळं पडल्यासारखं झालं हुतं."

पंकजानं पोटावर हात ठेवला. कळ गेली होती. आत बाळ निवांत फिरत होतं, जागा करून घेत होतं.

७

त्याच दिवशी त्या फोनवरून मागवलेले आणि त्याआधी कट्ट्यावर आपसूक आलेले सगळे अंक कल्याणनं माळावर नेऊन पुरले. कपाटात पुन्हा खिंडारं पडली. साहेब आले, त्यांनी खिंडारं बघितली, आणि पंकजानं सरळ सांगितलं, हे अंक आलेच नाहीत. साहेब म्हणाले, "इतकी खरी नोंद क्वचित दिसते, बाकीकडं सगळे पूर्णच दाखवतात." आणि वरच्या वर्गाची शिफारस करून गेले. साळूबाई गोष्टीचा शेवटचा भाग पुरला म्हणून फुगून बसली, मग भागवतकडचे नवे दिवाळी अंक आले तेव्हा सगळ्यात पुढं तीच.

दिवाळी झाली. भाऊबीज झाली. तुळशीचं लग्न झालं. कुणी घाई केली नाही, कुणी तारीख विचारली नाही. केशरबाईनं तर शेजारणींना दम भरला होता, "कदी येणार म्हणून इच्यारायचं न्हाई. येईल तेव्हा येईल."

आणि एका सकाळी, दूध काढून झालं, टेम्पो भरला, तेवढ्यात पंकजा म्हणाली, "अहो, किटल्या उतरवा. मला बसायचंय." कल्याणची अशी धांदल उडाली की अर्ध्या किटल्या वाटेतच वाटून टाकल्या. गावानं फुकट चहा केला.

पुऱ्या दिवसांची, पुऱ्या वजनाची लेक झाली. डोळे टक्क उघडे, नखं वाढलेली, डोक्यावर जावळ. ती अशी जोरात रडली, की दवाखान्याच्या व्हरांड्यातली माणसं उठून बघायला आली. केशरबाईनं तिला उजेडात नेलं, बोटं बघितली, डोळे बघितले, तळपाय बघितले, सगळं जिथल्या तिथं. आणि मग म्हातारी हसली. पोटभर, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली, आणि त्या हसण्याला भिऊन पोर रडायची थांबली.

दुभत्याला खळ पडली नाही, घराला माणसं कमी पडली नाहीत, पाळणा रिकामा राहिला नाही. केशरबाईच्या घरी जसं वेळेवर आलं, तसं तुमच्या-माझ्या घरीही ज्याच्या त्याच्या वेळेला येवो.